मोगरा, मच्छर आणि मागच्या खिडकीतला कूलर

पत्र थोडक्यात असं: नागपुरातल्या एका जुन्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका लिहितात. घरासमोर अंगण, गच्चीवर तीसेक कुंड्या. तुळस, मोगरा, कढीपत्ता, लिंबू, गवती चहा आणि ‘मच्छर पळवणारी’ म्हणून मुद्दाम आणलेली सिट्रोनेला नि झेंडूची रोपं. मागच्या ऑक्टोबरात पाच वर्षांच्या नातवाला डेंग्यू झाला, चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. तेव्हापासून सूनबाई रोज संध्याकाळी सातला डब्यातलं मच्छर मारायचं औषध कुंड्यांमधून फवारतात. नातवाला अंगणात उभं करून त्याच्या हातापायांवर मच्छर पळवणारा स्प्रेही मारतात. मोगऱ्याची आणि तुळशीची पानं करपली आहेत, शेंड्याकडची आधी. पत्रलेखिका स्वतः ‘केमिकल’ वापरत नाहीत. सकाळी नऊच्या सुमारास एक लिटर पाण्यात अर्धी वाटी कडुनिंबाचं तेल, कापूर आणि थोडं घासलेट घालून तेच झाडांवर मारतात. सून म्हणते, ‘मच्छर झाडांमुळेच आहेत, गच्ची रिकामी करा.’ प्रश्न दोन: झाडांना इजा न करणारं मच्छरांचं औषध कोणतं? आणि सुनेला न दुखावता हे थांबवायला कसं सांगू?

ताई,

तुमचं पत्र नेमकं मारबतीच्या आठवड्यात आलं, पोळ्यानंतर रोगराईचे पुतळे मिरवायच्या आपल्या नागपूरच्या सणाच्या. ‘रोगराई, मच्छर घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळं शहर घसा फोडून ओरडलं, पिवळी आणि काळी दोन्ही मारबती मिरवत गेल्या, आणि मच्छर आहेत तिथंच आहेत. तेव्हा आपणच बघू.

आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य बाजूला काढते. तुम्ही लिहिलंय, ‘तिच्या औषधानं माझी झाडं जळाली.’ जळाली असतील. पण त्याच पत्रात, चार ओळी खाली, तुमची सकाळची बाटली आहे. ती वाचून मी थबकले.

लिटरभर पाण्यात अर्धी वाटी म्हणजे जवळजवळ पाऊणशे मिली तेल. झाडांसाठी कडुनिंबाच्या तेलाचं नेहमीचं प्रमाण लिटरला पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे दोन-चार थेंब. तुम्ही पंधरापट घालताय. साबण नाही, म्हणजे तेल वर तरंगतं आणि कधी नुसतं पाणी उडतं, कधी निव्वळ तेल. त्यात घासलेट, जे पानावर कधीच पडू नये. आणि हे सगळं सकाळी नऊला, म्हणजे पुढचे सात-आठ तास ऊन. पावसाच्या उघडिपीतलं आपलं ऊन कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पानाला श्वास घ्यायची बारीक छिद्रं असतात, तेलाचा थर ती बुजवतो. घासलेट पानावरचा मेणाचा पापुद्रा विरघळवतं. मग उघडं पडलेलं पान ऊन भाजून काढतं.

म्हणजे सूनबाई निर्दोष आहेत असं नाही. डब्यातल्या फवाऱ्यात मच्छर मारणारं मूळ औषध असतं, ते बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं. शेवंतीच्या कुळातलं, डेझीसारखं दिसणारं एक पांढरं फूल आहे. त्याच्यातल्या विषाची ही कारखान्यात केलेली भावंडं. ती पानाला सहसा जाळत नाहीत. जाळतं ते त्यांना वाहून नेणारं द्रव, जे पुष्कळ डब्यांमध्ये वास काढलेलं घासलेट असतं. शिवाय डब्यातला दाबाचा वायू बाहेर पडताना इतका थंड होतो की वीतभर अंतरावरून मारला तर कोवळं पान गारठूनच काळं पडतं. आता गंमत बघा: तुम्ही दोघी एकाच मोगऱ्यावर, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, घासलेटच मारताय. नाव फक्त वेगळं.

नातवाच्या अंगावरचा स्प्रे तिसरा. त्यात डीट हे मच्छर पळवणारं रसायन असेल तर ते चष्म्याची काडी नि घड्याळाचा पट्टाही खराब करतं, पानाचं काय घेऊन बसलात. हिरवळीवर उभं राहून कुणी घोट्यांवर असा स्प्रे मारला, तर दोन दिवसांनी गवतात पावलांच्या आकाराचे पिवळे ठसे उमटतात. उपाय सोपा आहे. पोराला अंगणात नाही, घरातच लावायचं. मोठ्या माणसानं आपल्या हातावर घेऊन लावायचं, डोळे, ओठ आणि त्याचे तळहात सोडून. ते वाळू द्यायचं आणि मगच बाहेर. औषध बंद मात्र करू नका. डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम वा स्प्रे लेबलप्रमाणे लावलं तर त्याच्या वयाच्या मुलांना चालतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना तेवढं लावू नये, त्यांना मच्छरदाणी.

पण हे सगळं माझं अनुमान. मी तुमची झाडं पाहिलेली नाहीत. तुम्हीच बघा. उद्या सकाळी मोगऱ्याचं एक करपलेलं पान तोडून उजेडापुढे धरा. डाग थेंबासारखे गोल, सुटे, कडेनं तेलकट पारदर्शक असतील तर ते फवाऱ्याचं काम. ते वरच्या पानांच्या वरच्या अंगावर असतील तर वरून पडलेलं, म्हणजे सकाळचं; खालच्या पानांवर, वाटेच्या बाजूनं असतील तर संध्याकाळचं. शेंड्याकडची पानं आधी गेली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझा संशय तुमच्या बाटलीवर. डाग नसून जुन्या पानांची टोकं आणि कडा सारख्या तपकिरी झाल्या असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार बघा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं आणि कुंडीत ते साचत जातं. आणि पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके, उलटीकडे बारीक जाळं असेल तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारी कीड. पायरेथ्रॉइड वारंवार मारल्यावर त्याला खाणारे किडे मरतात, तो मात्र तगतो आणि फोफावतो. तुळशीची खालची पानं पिवळी होऊन गळत असतील आणि वर मंजिऱ्या लगडल्या असतील तर त्यात कुणाचाच दोष नाही. मंजिऱ्या खुडा, ती पुन्हा फुटते.

तरी वाद मिटला नाही तर मोगऱ्याच्या एकाच कुंडीत दोन फांद्या धरा. एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. लाल दोऱ्याच्या फांदीवर सकाळच्या फवाऱ्याआधी वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, पांढऱ्यावर संध्याकाळच्या. तासाभरानं काढा. दहा दिवसांनी नवीन पानं बघा. शाळेत तुम्ही असे प्रयोग मुलांकडून करून घेतले असतीलच. नातू बरोबर असू द्या.

एका गोष्टीसाठी मात्र दहा दिवस थांबू नका. तुळस, कढीपत्ता, लिंबू, गवती चहा यांच्यावर डब्याचा फवारा आजपासून बंद. शेतात वापरायच्या औषधाच्या लेबलवर फवारल्यावर किती दिवसांनी पीक काढायचं ते लिहिलेलं असतं. घरातल्या मच्छर मारायच्या डब्यावर तो आकडा नसतो, कारण ते खायच्या झाडासाठी नाहीच. खोकला झाला की नातवाला तुळशीचा काढा देत असाल ना? फवारा बसलेली पानं खुडून टाका, झाड साध्या पाण्यानं धुवा आणि नवी पालवी येईपर्यंत पानं विकत आणा. हे सुनेला सांगायला तुम्हाला जड जाणार नाही, कारण हे झाडाबद्दल नाही, पोराबद्दल आहे. तुळशीला मंजिऱ्या असताना त्यावर मधमाश्या येतात. पायरेथ्रॉइड त्यांना मच्छराइतकंच मारतं, आणि तुमचं नऊ वाजताचं तेल-घासलेटही ऐन त्यांच्या वेळेला पडतं. ज्यांच्या घरी माशांची टाकी किंवा मांजर आहे, त्यांनी पायरेथ्रॉइडच्या बाबतीत आणखी जपावं. माशांना ती फार विषारी, आणि त्यांतलंच पर्मेथ्रिन मांजराला.

आता सुनेचं म्हणणं. ‘मच्छर झाडांमुळे आहेत.’ तुम्ही ते उडवून लावलंय, पण ते अर्धं खरं आहे. संध्याकाळी पाणी घालताना कुंड्यांमधून भुर्रकन मच्छर उठतात, ते तिनं डोळ्यांनी पाहिलंय. झाड ही मच्छराची धर्मशाळा आहे. दुपारचं ऊन टाळायला तो पानांखाली, ओल्या सावलीत दडून बसतो. नराचं तर पोटच फुलांच्या मधावर नि झाडांच्या रसावर भरतं. रक्त लागतं ते मादीला, अंड्यांसाठी. पण जन्म पानात होत नाही. जन्माला पाणी लागतं, साचलेलं.

आणि तुमच्या चार पानी पत्रात पाण्याबद्दल एक ओळ नाही.

तीस कुंड्या म्हणजे तीस ताटल्या. किती ताटल्यांमध्ये पाणी आहे? खिडकीत बाटलीतला मनीप्लांट आहे का? उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं अजून गच्चीवरच असेल. आणि कूलर? नागपुरात राहून कूलर नाही असं कोण म्हणेल! जूनमध्ये पाऊस आला, आपण बटण बंद केलं आणि विसरलो. टाकीत तळाशी चार बोटं पाणी राहिलं, वरून पावसाचं आलं, गवताच्या ताट्या कुजल्या. डेंग्यूचा मच्छर, म्हणजे एडिस, त्याला गटाराचं पाणी नको असतं. हे असलं घरातलं, तुलनेनं स्वच्छ पाणीच हवं असतं. आपल्या गरम हवेत अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला सात ते दहा दिवस पुरतात.

टाकी बघायची असेल तर रात्री टॉर्च घेऊन जा. झाकण हळू सरकवा. पाण्याच्या पृष्ठभागाखाली उलटे लटकलेले बारीक करडे दोरे दिसतील, शेपटीनं हवा घेत असलेले. त्यांच्यावर हाताची सावली धरा. सगळे एकदम वळवळत तळाकडे जातात आणि थोड्या वेळानं एकेक करून परत वर येतात. एकदा हे पाहिलं की फवाऱ्याच्या डब्याकडे हात जायचा कमी होतो. निदान माझा झाला. मीही एका पावसाळ्यात खोलीत लावायचं यंत्र, उदबत्ती, सिट्रोनेलाचं रोप, सगळं आणून बसले होते.

टाकी रिकामी करणं पुरेसं नाही, घासावी लागते. एडिसची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते. ती कोरडी राहून कित्येक महिने टिकतात आणि पुढच्या एप्रिलात तुम्ही कूलर भरला की फुटतात. काथ्यानं चारी बाजू घासा, उन्हात वाळवा, जुन्या ताट्या फेकून द्या. ताटल्या काढूनच टाका, किंवा वाळूनं काठापर्यंत भरा. वाळू ओल धरते, अळ्यांना पोहायला जागा देत नाही. मनीप्लांट मातीत लावा. पक्ष्यांचं पाणी रोज बदला. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का आणि ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी आहे का, तेही. रिकामं करता येत नाही असं काही असेल, हौद किंवा टाकं, तर त्यात गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या मलेरिया-फायलेरिया विभागात चौकशी करा. झाडांना पाणी सकाळी घाला. संध्याकाळी घातलेलं रात्रभर ताटलीत थांबतं.

सात दिवसांतून एकदा हे झालं तर मच्छराचं चक्र तुटतं. दर आठ दिवसांनी नको, सातच. एक ठरलेला वार धरा.

आणखी एक खटकलं. फवारणीची वेळ संध्याकाळी सात. अंधार पडल्यावर कानाशी गुणगुणतो तो बहुतेक क्युलेक्स, गटाराच्या घाण पाण्यातला. हत्तीपाय पसरवणारा तोच, त्यामुळे त्याच्याशी आपली दोस्ती नाही. पण नातवाला ज्यानं आजारी पाडलं, तो एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि मावळतीच्या आधी सगळ्यात जास्त. म्हणजे पोरगं शाळेच्या ऑटोची वाट बघत फाटकाशी उभं असतं तेव्हा, आणि चार-पाच वाजता अंगणात खेळतं तेव्हा. लांब बाह्यांचा सदरा, पायात मोजे, मलम, हे त्या वेळेला हवं. संध्याकाळी सातला कुंड्यांवर उडवलेलं औषध त्या मच्छराला गाठतच नाही, तो तेव्हा पलंगाखाली, पडद्यामागे विसावलेला असतो. धुराच्या गाडीचंही तसंच आहे. ती डिझेलमध्ये मिसळलेलं औषध रस्त्यावर सोडते, उडते मच्छर मरतात, अळ्या शाबूत राहतात. गाडी येऊन गेली की झाडं पाण्यानं धुवा, एवढंच मी म्हणेन.

सिट्रोनेला आणि झेंडूबद्दल. नर्सरीवाल्यानं विकली, तुम्ही घेतली, ठीक आहे. पण रोप नुसतं उभं राहून मच्छर पळवत नाही. वास पानातल्या तेलात कोंडलेला असतो, पान चुरडल्याशिवाय बाहेर पडत नाही. चुरडून हाताला चोळलं तरी काही वेळच टिकतो. तुळशीचंही तेच. ‘नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे’ हे तर तुमच्या करपलेल्या मोगऱ्यानंच खोडून काढलंय. गवती चहा मात्र उपटू नका, तो चहात टाकायला असतो. कडुनिंबाचं तेल किडीसाठी हवंच असेल तर लिटरला पाच मिली, साबणाचे थेंब, ऊन उतरल्यावर, आणि आधी एका फांदीवर. मच्छरासाठी झाडावर तेही मारू नका.

मग तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर? झाडांना न दुखावणारं मच्छरांचं औषध शोधण्याची गरजच नाही, कारण औषध झाडांवर मारायचंच नाही. अंगावर मलम, खिडक्यांना जाळ्या, आणि पडवीत बसायचं असेल तर टेबलफॅन. मच्छर दुबळा उडतो, पंख्याच्या झोतात त्याला माणसावर बसता येत नाही. वीज सोडली तर खर्च शून्य. आणि धर्मशाळा जरा विरळ करा: भिंतीला टेकलेल्या कुंड्या हातभर पुढे ओढा, खालच्या दाट फांद्या छाटा, वारा आणि ऊन आतपर्यंत जाऊ द्या. सुनेला म्हणा, गच्ची रिकामी नाही, मोकळी करते. यात तिचंही थोडं राहतं.

दुसरा प्रश्न, तिला कसं सांगू. ताई, तुम्ही जळालेलं पान दाखवून सुरुवात करू नका. तुम्ही पान दाखवाल आणि तिला दवाखान्यातली खाट दिसेल. रोज प्लेटलेटचा आकडा ऐकत चार दिवस ज्या आईनं काढलेत, तिच्या हातातून डबा काढून घ्यायचा असेल तर त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल. टॉर्च द्या. ‘मला वाटतं मच्छर आपल्या कूलरमध्ये निपजत आहेत, चल बघू’ एवढंच म्हणा. आणि सापडल्या अळ्या, तर ‘बघ, मी म्हणत नव्हते’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका, कारण ताटल्या तुमच्याही आहेत. उलट आधी तुमच्या बाटलीची कबुली द्या. ‘माझं तेल पंधरापट होतं म्हणे’ असं सांगून स्वतःच हसलात की तिला सातचा फवारा सोडायला सोपं जाईल.

तुमच्या पत्रात तुम्ही आहात, सून आहे, नातू आहे, मोगरा आहे. मुलगा कुठेच नाही. काहून बाप्पा? तो त्याच घरात राहून राहिला ना? कूलरची टाकी उचलून उलटी करणं हे त्याचं काम. ताट्या बदलायला माणूस बोलावणं, जाळ्या बसवून घेणं, हेही. सासू-सुनेत मोगऱ्यावरून जे चाललंय त्यातलं अर्धं, माझ्या मते, एका न उपसलेल्या टाकीचं आहे.

शेजारचा रिकामा प्लॉटही बघा. एडिस फार लांब उडत नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा संसार असतो. म्हणजे तुमच्याकडचा मच्छर तुमच्या घरचा किंवा चार-सहा घरांतला. प्लॉटवर टायर, फुटके डबे, नारळाच्या करवंट्या पडलेल्या असतील तर ले-आउटमधल्या दोघी-तिघींना घेऊन जा आणि उलट्या करा. मालक सापडत नसेल तर झोन ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मोगऱ्याला सध्या खत घालू नका, छाटूही नका. सकाळी लवकर साध्या पाण्यानं पानं धुवा, तेलकटपणा राहिला असेल तर एकदाच अगदी पातळ साबणपाण्याच्या फडक्यानं पुसा आणि पुन्हा धुवा. करपलेला डाग भरून येत नाही, पण पानाचा उरलेला हिरवा भाग काम करत असतो, म्हणून ओढून काढू नका. छाटणी जानेवारीच्या शेवटी करा. कळ्या उन्हाळ्यात येतील.

ता. क. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे वर लिहायचा राहिला. माझ्याकडे त्या पावसाळ्यात मच्छर शेवटी तिथेच सापडले होते.